वळचणीची कपबशी

आमच्या रत्नागिरीस दिवाळी उजाडते ती कारिटाच्या कडू चवीने. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीपुढे कारीट ठेवावयाचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडावयाचे, त्याचा कडूजहर रस बोटाने जिभेला लावावयाचा आणि तोंड वाकडे करीत स्वयंपाकघराकडे धूम ठोकावयाची. तेथे पोहे वाट पाहत असतात. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, दह्यातले, दुधातले, फोडणीचे, नारळाच्या रसातले. एकाच पोह्यांची पाच रूपे. लाडू, करंज्या, चकल्यांचा मान मोठा खरा. पण कोकणची दिवाळी पोह्यांवाचून सुरूच होत नाही.

मग उजाडता उजाडता ताटल्या निघतात. आत पोहे आणि फराळ, वर विणलेला रुमाल. या घरातून त्या घरात, या आळीतून त्या आळीत. लहानपणी आमच्या घरच्या ताटल्या पोचविण्याचे काम माझ्याकडे असे आणि ते मी मोठ्या तोऱ्याने करीत असे. रिकामी ताटली परत द्यावयाची नाही, चिमूटभर साखर तरी घालून द्यावयाची, हा शिष्टाचार मी तेव्हाच शिकले. एक गोष्ट मात्र ध्यानात आली नव्हती. या ताटल्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या. काही उंबरठ्यांच्या आत त्या जात, काही घरांच्या अंगणापर्यंतच जात आणि काही घरांकडे वळतच नसत. गावाच्या खाण्यापिण्याचा इतिहास सांगावयाचा तर तेथे काय शिजत होते एवढे सांगून भागत नाही. शिजलेले कोणाकडे जात होते आणि कोणाकडे जात नव्हते, हेही सांगावे लागते.

हे सारे सुचण्याचे कारण म्हणजे गेल्या दिवाळीची साफसफाई. मागच्या पडवीत जळमटे काढताना कौलांखाली, वाशाच्या बेचक्यात, झाडूला काही तरी लागले. काढून पाहिले तर एक कपबशी. पांढरी चिनीमातीची, काठाला निळी रेघ, कपाचा कान तुटलेला. धूळ झटकून मी ती आईपुढे धरली. आई सोलाण्याच्या दिव्याच्या वाती वळीत बसावी तशी शांतपणे समयीच्या वाती वळीत बसली होती. तिने मान वर करून पाहिले.

“ती बाहेरची,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “म्हणजे, तेव्हाची.”

रत्नागिरीचे नाव घेतले की लोकांना मोठी माणसे आठवतात. लोकमान्यांचा जन्म येथला, १८५६ चा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ साली येथेच त्याने डोळे मिटले. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी शाळामास्तरीण, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी. माझा विषय या कपबशीएवढाच आहे.

*

आमचे गाव मुळात पोटाने गरीब. पाऊस शंभर इंचांहून अधिक पडतो, पण जांभ्या दगडाच्या सड्यावरून तो धावत सुटतो आणि समुद्राला मिळतो. वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात. भाताची खाचरे थोडी आणि तोंडे फार. म्हणून सणाला भात आणि एरवी नाचणी, वरी, हरीक. सकाळी न्याहरीला पेज, तोंडी लावायला लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका मासा. पावसापूर्वी आगोटीची बेगमी करावयाची: सुकट, सोडे, सुके बोंबील, आमसुले, कुळीथ, पापड, फणसाचे तळलेले गरे. कारण एकदा समुद्र खवळला की मासेमारी बंद आणि बोटही बंद. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावाचून होड्या पाण्यात लोटावयाच्या नाहीत. आता यांत्रिक नौकांना जून-जुलैची बंदी सरकारच घालते.

आंब्याच्या गावचे म्हणून परगावची मंडळी आमचा हेवा करतात. हापूस हे नावच मुळी आफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सरदाराचे. पोर्तुगिजांनी गोव्यात कलमे बांधण्याची विद्या आणली आणि हळूहळू ती किनाऱ्याने वर सरकली. २०१८ साली या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आमच्या घरात हापूस म्हणजे पेटीत भरावयाची वस्तू. गवतात नीट निजवून तो मुंबईस जाई. आम्ही खात असू रायवळ: चोखून खावा, रस गळ्यापर्यंत ओघळावा आणि कोयीशी झटापट करावी. त्याचेच रायते, त्याचेच साठ, त्याचेच सासव. चांगले ते विकावे आणि उरले ते खावे, ही गरीब गावाची रीत.

याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची आली, काजू आला, पेरू, पपई, अननस आले. आज कोकणी माणसाचे जेवण मिरचीवाचून आणि काजूच्या उसळीवाचून कल्पिता येत नाही. सातासमुद्रापलीकडून, परधर्मी माणसांच्या हातून आलेल्या या जिनसा आमच्या सोवळ्यातल्या चुलीवर मुकाट्याने चढल्या. मासळीचेही तेच. मिरकरवाड्याला होड्या लागत त्या दालदी मुसलमानांच्या आणि खारव्यांच्या. मुसलमान दर्यावर्दीने पकडलेला बांगडा हिंदूच्या तव्यावर तळला जाई आणि कोणाला त्यात काही वावगे दिसत नसे.

चवीला जात नव्हती. जात होती ती पाण्याला आणि शिजवलेल्या अन्नाला. अख्खे फळ, कोरडे धान्य, ओली मासळी कोणाच्याही हातून चाले. त्याला पाणी लागले, तो पदार्थ चुलीवर चढला, की मग हात कोणाचा आणि भांडे कोणाचे, हे प्रश्न सुरू. वाचकहो, हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

*

आम्ही जातीचे भंडारी. माडावर चढून माडी काढणे हा पूर्वापार धंदा. माझे खापरपणजोबा कमरेला कोयता आणि भोपळा बांधून पहाटे माडावर चढत, असे आजी सांगे. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा कायदा केला. ज्या झाडाची माडी काढावयाची त्या प्रत्येक झाडावर कर बसला. ज्यांच्याजवळ चार-दोन माड त्यांचे कंबरडे मोडले. कोणी मुंबईची वाट धरली, कोणी शेतमजुरी पत्करली. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि उरलेसुरले भोपळे माळ्यावर गेले.

गावात आमचा मान बेताचा. भटजींच्या घरी गेलो तर ओटीच्या खालच्या पायरीवर बसावयाचे. खाणावळी आणि विश्रांतिगृहे जातीच्या पाट्या लावून बसलेली, त्यांतली मोठी दारे आमच्यासाठी नव्हती. पणजोबांना एका खाणावळीत वेगळ्या पंक्तीला, उष्टी पत्रावळ आपली आपण उचलण्याच्या बोलीवर जेवू घातले होते. ते शल्य त्यांनी जन्मभर उरी बाळगले आणि मुलानातवंडांना ऐकविले.

तात्पर्य, आम्हाला अपमान म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आणि तरीही आमच्या वळचणीला कपबशी होती.

*

त्या कपबशीचा इतिहास शोधू गेले तो चहापाशी येऊन पोचले.

चहा येण्यापूर्वी आमच्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी देत. उन्हाळ्यात कोकमाचे सरबत, नाहीतर ताक. ज्याला घरात घ्यावयाचे नाही असा माणूस अंगणात उभा राही, ओंजळ करी, आणि घरातले कोणी तरी उंचावरून तांब्याने तिच्यात पाणी ओती. गुळाचा खडा वरून टाकला की झाले. भांड्याचा प्रश्नच येत नसे.

मग चहा आला. प्रथम तो साहेबाचा आणि साहेबाच्या कचेरीतल्या बाबूंचा. त्याने पहिला मोठा गोंधळ घातला तो पुण्यात. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि तीत जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. रानडे होते, आमच्या रत्नागिरीचे टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एवढ्या मोठमोठ्या माणसांना एका पेल्याने जेरीस आणले.

पण चहा थांबला नाही. १९०३ साली कायद्याने चहावर उपकर बसला, त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला आणि पुढल्या तीन दशकांत तो गावोगाव पोचला. आमच्याकडे तो बोटीनेही आला. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरीस खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावात उतरून धक्क्याला येत. गिरण्यांतून काम करणारे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येत तेव्हा त्यांच्या ट्रंकेत नवे लुगडे, बिस्किटे आणि चहाची पूड असे. आजोबा म्हणत, “बोटीवर सगळ्यांचे सोवळे पहिल्या लाटेला उलटून पडे. एकाच कठड्याला धरून भट, भंडारी, कुणबी आणि मुसलमान ओकत. धक्का आला की ज्याची त्याची जात ज्याला त्याला परत मिळे.” चाकरमान्यांनी घरोघर चहाची गोडी लावली. पेजेची न्याहरी मागे पडली आणि बिनदुधाच्या, गुळाच्या का होईना, चहाने दिवस उजाडू लागला.

आता अडचण आली ती येथे. पाणी ओंजळीत ओतता येते. कढत चहा ओतता येत नाही.

मला वाटते, आमच्या वळचणीच्या कपबशीचा जन्म या एका गोष्टीत आहे. लाकडे फोडून दमलेल्या माणसाला चहा द्यावा, एवढी माणुसकी घरात होती. पण चहा द्यावयाचा तर भांडे द्यावे लागते, आणि त्याने ओठ लावलेले भांडे पुन्हा घरात घ्यावयाचे नाही. कोणी नारळाची करवंटी पुढे केली. कोणी, जरा सुधारलेल्या घरांनी, कानतुटकी कपबशी वळचणीला खोचून ठेवली. त्याने ती स्वतः काढावी, पुढे धरावी, वरून ओतलेला चहा प्यावा, विहिरीपासून दूर जाऊन ती विसळावी आणि पुन्हा वाशात खोचावी. त्या काळी आमची माणसे हिला सुधारणाच समजत असणार.

*

बाहेरच्या जगात मात्र या पाण्याच्या आणि पेल्याच्या गाठी सोडविण्याची खटपट चालू होती, आणि तिचा बराच भाग आमच्या कोकणातच घडला.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बोले आमच्याच भंडारी समाजातले. ठराव मंजूर झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे घेऊन गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन तो हक्क बजावला. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. त्या ओंजळीनंतर तळे शुद्ध करून घेणारे लोक निघाले, खटला झाला, आणि १९३७ च्या मार्चात उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळीला दहा वर्षे लागली.

रत्नागिरी शहरात त्याच सुमारास सावरकर होते. १९२४ साली त्यांना तुरुंगातून सोडून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केले होते. १९३७ पर्यंत ते येथे राहिले. राजकारण करावयाचे नाही ही सरकारची अट. त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले. १९३० पासून सर्व जातींची सहभोजने सुरू झाली. १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. त्याचा खर्च उचलला भागोजी बाळोजी कीर यांनी, तेही भंडारीच. आणि १ मे १९३३ रोजी गावात अखिल हिंदू उपाहारगृह उघडले. तेथे पाटी जातीची नव्हती. कोणीही यावे आणि कोणाच्याही शेजारी बसून, कोणाच्याही हातचे घ्यावे. आपल्याला भेटावयास येणाऱ्यांनी आधी तेथला चहा घेऊन यावे, असा सावरकरांचा आग्रह असे, असे सांगतात. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील. चवदार तळ्याची वाट आणि ही वाट एकच होती असेही मी म्हणत नाही. आंबेडकर आणि सावरकर या दोघांचीही चरित्रे लिहिणारे धनंजय कीर मात्र आमच्या रत्नागिरीत जन्मले, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.

माझे आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे. उपाहारगृह उघडल्यावर काही दिवसांनी, शाळासोबत्याने पैज लावली म्हणून, ते एकटे आत गेले. खिशात एक आणा. बाकावर बसले. शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याची जात कोणती हे त्याच्या धोतरावरून उघड दिसत होते. चहा आणून ठेवणारा मुलगा गावकुसाबाहेरचा आहे, हे आजोबांना ठाऊक होते. आजोबा म्हणत, “पहिला घोट घेताना माझा हात असा थरथरत होता की अर्धा चहा बशीत सांडला. मग बशीतलाच प्यायलो. आणि काय सांगू, आपल्या घरच्या चहासारखाच लागला. मला वाटले होते, निदान चव तरी वेगळी असेल.”

घरी बातमी आधीच पोचली होती. पणजीने गोमूत्र शिंपडले, पणजोबांनी वेताची छडी काढली. हे तेच पणजोबा, वेगळ्या पंक्तीचे शल्य बाळगणारे. आजोबांच्या पोटरीवर वळ उठले, आणि ही गोष्ट त्यांनी साठ वर्षे अभिमानाने सांगितली. दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले की कोणी तरी म्हणे, “आबा, ती चहाची गोष्ट सांगा,” आणि आबा सांगत. मी ती निदान पन्नास वेळा ऐकली असेन. माझ्या पहिल्या कादंबरीत मी ती घातलीही.

*

पुढे राज्यघटना आली. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि विहिरी, तलाव, पाणवठे यांचा उल्लेख आहे. जातीवरून तेथे कोणालाही अडविता येणार नाही असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. एका राष्ट्राच्या घटनेत हॉटेलाला जागा मिळावी, याचे परक्या माणसाला नवल वाटेल. आपल्याला वाटावयाचे कारण नाही. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचाही कायदा झाला.

कायदा बाजारात पोचला. घराच्या मागल्या पडवीत पोचण्यास त्याला आणखी वेळ लागला.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. मी आठ वर्षांची. आमच्याकडे लाकडे फोडण्यास एक गृहस्थ येत. वय सत्तरीच्या घरातले, अंगकाठी सडपातळ, पण कुऱ्हाड पडली की ओंडका एका घावात दुभंगत असे. त्यांचे नाव मी येथे देत नाही. तेव्हा मात्र आठ वर्षांची मी त्या आजोबांच्या वयाच्या माणसाला नावाने, एकेरी हाक मारीत असे आणि ते मला “बाय” म्हणत.

एकदा भातुकलीसाठी मी वळचणीची कपबशी काढली. खेळ रंगला, तहान लागली, त्याच कपातून पाणी प्यायले. आजीने पाहिले. ती ओरडली नाही. नुसती माझा दंड धरून न्हाणीत घेऊन गेली आणि भर दुपारी डोक्यावरून दोन तांबे घातले. कपबशी पुन्हा वाशात गेली. आजोबा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सारे पाहिले आणि हातातले वर्तमानपत्र उलटले. आणि लाकडे फोडणारे ते गृहस्थ अंगणात उभे होते. त्यांनीही पाहिले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी राम आळीत ते मला भेटले. एका हॉटेलात बाकावर बसून बशीत फुंकर घालीत चहा पीत होते. शेजारी कोणी कारकून बसले होते, पलीकडे मासळीवाल्या. माझ्याकडे पाहून ते हसले. “काय गो बाय, च्या घेतंस काय?” मी भीतभीत आत गेले. हॉटेलवाल्याने एक कप त्यांच्यापुढून उचलला, विसळला, आणि त्यातच माझा चहा ओतला. मी प्यायले. पैसे त्यांनी दिले. घरी मी काही बोलले नाही. तो चहा मला घरच्यापेक्षा गोड लागला, हे मात्र आठवते. तेथे साखर अधिक घालीत असावेत.

आजोबा वारले, आजी वारली. लाकडे फोडणारेही गेले. घरात गॅस आला आणि लाकडे फोडण्याचे कामच उरले नाही. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीस पूर्ण मार्गावर धावू लागली. मांडवीच्या किनाऱ्यावर, मारुती मंदिराच्या चौकात खाण्याच्या गाड्या लागल्या. तेथे पाणीपुरीवाल्यापुढे द्रोण धरून उभे राहणारे तरुण एकमेकांना आडनावे विचारीत नाहीत. वळचणीची कपबशी कोणी काढली नाही, कोणी फोडली नाही. ती नुसती विसरली गेली.

*

मी शाळेत शिकविते. दुपारी व्हरांड्यात पोषण आहाराची पंगत बसते. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा मुलांना धान्य घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर देशभर शिजविलेले अन्न देण्याचे बंधन आले. मुले मांडीला मांडी लावून खिचडी खातात, एकमेकांच्या ताटातला वाटाणा पळवितात. त्या पंगतीवर देखरेख करण्यात माझी शिक्षकी सरत आली. मला वाटे, आपण एका लांबच्या कामाचे शेवटचे टोक धरून बसलो आहोत आणि ते काम आमच्या घरात १९३३ सालीच सुरू झाले होते. आजोबांच्या त्या घोटाने. कपबशी हाती लागेपर्यंत मी असे समजत होते.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका आहे. लाकडे फोडणाऱ्या त्या गृहस्थांची ती नात. हे मला ती रुजू झाल्यावर वर्षभराने कळले. गेल्या पाडव्याला ती फराळाला आली होती. कपबशी मी धुऊन माझ्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली होती. तिची नजर तिच्यावर गेली. वाटले, काही तरी थाप मारावी. पण ती थाप कागदावर चालते, समोरासमोर चालत नाही. मी सगळे सांगितले. आजोबांची १९३३ ची गोष्टही सांगितली, कदाचित जरा घाईघाईनेच.

तिने शांतपणे ऐकून घेतले. हातातली चकली संपविली. मग म्हणाली, “बाई, माझे आजोबा तुमच्याकडचा चहा पीत नसत.”

“पीत नसत? रोज देत होते गं.”

“घेत असत. पीत नसत. कपबशी विसळायला लांब जावे लागे ना? मग कोण बघतंय? आजीने एकदा विचारले होते, त्याचे करता काय? म्हणाले, फणसाच्या मुळात ओततो. तुमच्या विहिरीपलीकडे फणस आहे ना?”

फणस आहे. बरका नव्हे, कापा. भरघोस लागतो. दर वैशाखात त्याचे फणस घरोघर पोचविण्याचे काम माझ्याकडेच असे. अख्ख्या फळाला विटाळ नव्हता. म्हणून ज्या घरांकडे दिवाळीची ताटली कधी वळली नाही तेथेही फणस जात असे. तिच्या घरीही जात असे. डोक्यावर घेऊन तिचे आजोबाच नेत.

मी काही बोलले नाही. आई माजघराच्या दारात उभी होती. तिने ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. ती आत गेली आणि चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.

“गरे मात्र आम्ही पुष्कळ खाल्लेत,” ती म्हणाली, आणि जरा हसली. “फार गोड असत.”

आईने चहा आणला. तीन कप, एकाच संचातले. आम्ही तिघी प्यायलो. जाताना मी तिच्याबरोबर फराळाची ताटली दिली, रुमाल घालून. दोन दिवसांनी, भाऊबीज आटोपल्यावर, ती ताटली परत आली. रिकामी नव्हती.